बटाट्याला मोड येत नाहीत

कोल्हापुरात सगळा जन्म घालवून मटणाबद्दल मत नसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. या गावात मटणावर मत नसणं म्हणजे आधारकार्ड नसण्यासारखं आहे. रिक्षावाला पांढऱ्या रश्श्यात खोबरं किती असावं यावर दोन सिग्नल बोलतो. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक गालाला फेस तसाच ठेवून तांबड्याच्या तर्रीवर वाद घालतं. आमचे आण्णा अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसायचे. कुणी फारच छेडलं तर म्हणायचे, "मटण काय, कोण बी शिजवतंय. बटाटा सांभाळून दावा की."

'सांभाळणं' हा त्यांचा शब्द. बाकीचं जग बटाटे आणतं, ठेवतं, संपवतं. आण्णा सांभाळत. लग्नाकार्यात ते शाकाहारी पंगतीत जाऊन बसायचे. शाकाहाराशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, बटाट्याची भाजी त्या पंगतीत असते एवढंच कारण. पहिला घास घेतला की डोळे मिटून थोडा वेळ थांबायचे आणि मग वाढप्याला विचारायचे, "पावणं, बटाटा ताडपत्रीखाली ठेवलावता न्हवं?" वाढपी बिचारा जिलेबीचं ताट घेऊन उभा. त्याला ताडपत्रीची काय माहिती असणार?

एका सरकारी बियाणं-गोदामात त्यांची उभी नोकरी झाली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बेळगावला. घरात एकटेच. स्वयंपाक स्वतः करायचे आणि चांगला करायचे. पण माणसं त्यांच्याकडे जेवायला जायला कचरायची, कारण जेवणाआधी बटाट्यावर तास असायचा.

मी नेसरीची. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा मंगळवार पेठेत खोली शोधत फिरत होते. एकट्या मुलीला खोली देताना घरमालक काय काय विचारतात हे सांगत बसले तर हा लेख तिथंच संपेल. आडनाव ऐकून "म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?" अशा आडवाटेनं जातीपर्यंत पोचणारे झाले. भेटायला येणारा भाऊ सख्खा की चुलत, याचा पुरावा मागणारे झाले. आण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. मला जिन्यासमोर उभं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले,

"बटाटं कशात ठेवतीस?"

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "कांद्या-बटाट्याची एक बुट्टी हाय की माझ्याकडं."

"एकच बुट्टी?"

"व्हय."

"का? लगीन झालंय व्हय त्यांचं?"

हा प्रश्न त्यांनी हसत विचारलेला नव्हता. त्यांच्या मते मराठी भाषेतला सगळ्यात घातक शब्द 'कांदे-बटाटे' हा होता. कुणा आळशी माणसानं हे दोन जीव एका दमात उच्चारले, आणि तेव्हापासून अख्खा महाराष्ट्र त्यांना एका टोपलीत कोंबतो आहे. "कांद्याच्या वाऱ्यानं बटाट्याला कोंब फुटतोय, बटाट्याच्या ओलीनं कांदा नासतोय. दोघं बी चांगल्या घरची हाईत. पर एका घरात नांदत न्हाईत," असं ते सांगायचे. मी दुसरी बुट्टी घेण्याचं कबूल केलं तेव्हा खोली मिळाली.

तेवढ्यावर भागलं नाही. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात एक कलम टाइप करून आलं: भाडेकरूने बटाटे कांद्यासोबत ठेवू नयेत, फ्रीजमध्ये ठेवू नयेत, तसेच साठवण्यापूर्वी धुऊ नयेत. टाइप करणाऱ्या गृहस्थांनी कागद हातात देताना मला हळूच विचारलं, "मॅडम, हे बटाटे म्हणजे कोण? जामीनदार का?"

जिन्याखाली आण्णांचं दालन होतं. तिथला दिवा त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकलेला, कारण उजेड लागला की बटाटा हिरवा होतो. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं डोकं जिन्याच्या पायरीला एकदा तरी आपटायचं. खाली चार विटा, विटांवर फळी, फळीवर वेताची मोकळ्या विणीची बुट्टी, वर बारदान. भिंतीला एक जुना थर्मामीटर. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी "घड्याळ देऊ का शाल?" असं विचारलं, तर यांनी गोदामातला थर्मामीटर मागून आणला. दर सोमवारी सकाळी आंघोळ करून ते तिथं बसत. एकेक बटाटा हातात घेत, अंगठ्यानं दाबत, नाकाला लावत आणि परत ठेवत. एखादा मऊ लागला तर लगेच बाहेर काढत, कारण एक नासला की शेजारच्यांना घेऊन नासतो. पहिल्यांदा हा सगळा थाट बघितला तेव्हा मला वाटलं, आत निदान चार पोती असतील. होते दोन किलो.

त्या दोन किलोंसाठी त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरासुद्धा काढून टाकला होता. बुट्टी जिन्याखालून ओढत आत नेताना उंबऱ्यावर आदळायची, बटाट्यांना मुका मार बसायचा, आणि मार बसलेला बटाटा आतून काळा पडून आधी नासतो. गवंडी तयार होईना. म्हणाला, "आण्णा, उंबरा काढत न्हाईत. लक्ष्मी येती तिथनं."

"मग आजवर उडी मारून येत हुती व्हय? आता सरळ चालत यील," आण्णा म्हणाले, आणि उंबरा गेला. तिथं हॉलची आणि स्वयंपाकघराची फरशी एक झाली. त्यावरनं तुम्ही पाण्यानं काठोकाठ भरलेली परात सरकवत नेली असती.

वरच्या मजल्यावर मी काय करते हे त्यांना खाली बसून वासावरून कळायचं. एकदा रविवारी उशिरा उठले, घाईत काचऱ्या तळायला घेतल्या. कढईतून वास सुटला मात्र, खालून हाक आली, "फ्रीजमधला हाय त्यो!" होता. आदल्या रविवारी बाजारातून आल्यावर कंटाळून मी सगळी पिशवी तशीच फ्रीजमध्ये ढकलली होती. काचऱ्या काळ्या-तपकिरी झाल्या, चवीला गोडसर. आण्णा जिना चढून आले, कढईत बघितलं आणि म्हणाले, "गारठ्यात त्याची साखर हुती. तळला की काळा पडतोय. करारात लिवलंय की गं तुला."

मग एकदा उकडलेले बटाटे मी त्यांच्या धाकानं बाहेर ओट्यावर झाकून ठेवले, तर त्यावरूनही बोलणी. "उकडल्यावर दोन तासांत पोटात, न्हाईतर फ्रीजमध्ये!"

"आण्णा, फ्रीजमध्ये न्हाय ठेवायचं म्हणालावता की."

"त्यो कच्चा! कच्चा जिता असतोय, त्याला वारं पायजे. शिजल्यावर त्यो अन्न झाला."

मी हे सगळं ग्रंथालयात जाऊन मैत्रिणींना करून दाखवायची. चष्मा कपाळावर, अंगठा बटाट्यावर, डोळे मिटलेले. मला नक्कल चांगली जमते. डब्याच्या सुट्टीत मैत्रिणी आधी आण्णा मागायच्या, मग लोणचं.

मंडईत त्यांची स्वतंत्र कीर्ती होती. एक बटाटेवाला भर उन्हात ढीग मांडायचा आणि वर पाणी शिंपडायचा, म्हणजे माल तकतकीत दिसतो. आण्णा एका मे महिन्यात छत्री घेऊन गेले आणि त्याच्या ढिगावर छत्री धरून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. शेवटी तो म्हणाला, "पावणं, बटाटा घ्यायचा हाय का सावली द्यायची हाय?"

"घ्यायचा हुता," आण्णा म्हणाले, "पर तू त्याला भाजलायस आनि आंघोळ बी घातलायस. आता तूच खा."

पण त्यांचं खरं युद्ध होतं ते 'मोड' या शब्दाशी. कोल्हापूर हे मिसळीचं गाव. इथं लहान पोराला विचारा, मोड आलेलं म्हणजे काय, तर ते सांगेल पौष्टिक. मटकी भिजवून पंच्यात बांधून ठेवायची, दुसऱ्या दिवशी बोटभर मोड दिसले की घरातली बाई खूश. एकदा आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला: मोड आलेले खा, डॉक्टर टाळा. मंडळ उत्साही होतं. त्या आठवड्यात गल्लीतल्या तीन घरांत बटाटे ओल्या पंच्यात बांधून खुंटीला टांगलेले सापडले. मोड यावेत म्हणून.

आण्णांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी चहा अर्धा सोडला. घरोघर गेले. मीही मागोमाग गेले, कारण असा तमाशा फुकट बघायला मिळत नाही.

"मटकीला मोड येत्यात. बटाट्याला कोंब येतोय," ते दारात उभं राहून सांगत होते. "मोड खायचा असतोय. कोंब खोलवर खणून काढायचा असतोय, आनि लई आलं असतील तर बटाटाच टाकायचा असतोय. हिरवा झालेला बी तसाच. इख असतंय त्यात. शिजवून जात न्हाय, तळून जात न्हाय."

"मोड काय, कोंब काय, एकच की आण्णा," मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"मग नवरा आनि दीर बी एकच म्हणा!"

अध्यक्षीणबाई दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण पंचे खुंटीवरून उतरले. आण्णांचं म्हणणं, सगळा घोटाळा भाषेचा आहे. 'मोड' म्हटलं की मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, त्याला बिचाऱ्याला कसं कळणार? आणि 'हिरवं' म्हटलं की त्याला ताजं वाटतं. "कोथिंबीर हिरवी बरी. बटाटा हिरवा झाला म्हंजे त्यो रागावलाय. जिभेच्या शेंड्यावर ठेवून बघायचा. कडू लागला की थुंकायचा, आनि कुणाला बी वाढायचा न्हाय." हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं म्हणायची सोय राहिलेली नाही.

मी बत्तिशीला टेकले होते. आमच्याकडे या वयाच्या मुलीच्या लग्नाबद्दल नातेवाईक आवाज बारीक करून बोलतात. त्यात एक स्थळ आलं मुरगूडचं. घरची शेती, आणि मुलगा एका दूध संस्थेत नोकरीला. दीड महिना आम्ही फोनवर बोलत होतो. तो ऐकायचा. लिहिताना हे क्षुल्लक वाटतं, पण बत्तीस वर्षांच्या मुलीला बोलणारे पुष्कळ भेटलेले असतात. मला हे लग्न हवं होतं. घरच्यांसाठी वगैरे काही नाही, मला स्वतःला हवं होतं. त्याची आई फक्त शिल्लक होती. "आईनं एकदा बघितलं की झालं," तो म्हणाला होता, आणि 'झालं' या शब्दाचे दोन अर्थ होतात हे मला ठाऊक होतं.

माझी खोली लहान, म्हणून कार्यक्रम खाली आण्णांच्या हॉलमध्ये ठरला. आदल्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"आण्णा, एकच मागतो. उद्या बटाट्यावर बोलायचं न्हाय. एक शब्द बी न्हाय." आमच्याकडच्या मुली अडचणीत आल्या की अशाच 'मागतो, जातो' बोलतात.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोह्यात घातला तर?"

"तरी न्हाय."

"कांद्याच्या बुट्टीत दिसला तर?"

"आण्णा!"

"बरं. दिला शब्द," ते म्हणाले. "तुझं लगीन म्हत्त्वाचं."

मी खबरदारी म्हणून बेतातूनच बटाटा वगळला. पुऱ्या, श्रीखंड, फ्लॉवर-मटारची भाजी. नेसरीहून आई-बाबा आले. दुपारी पाहुणे आले: मुलगा, त्याचे मामा आणि त्याची आई. आईच्या हातात कापडी पिशवी होती.

"मोकळ्या हातानं कसं यायचं?" असं म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि पिशवी ओट्यावर उलटी केली. "परड्यातला घरचा माल हाय. औषधाचा थेंब न्हाय बघा त्यावर." निम्मे कांदे, निम्मे बटाटे, एकाच पिशवीत. बटाटे गळ्यापर्यंत हिरवे, आणि करंगळीएवढे कोंब. "मोड बघा कसं आल्यात! लई पौष्टिक. ह्याचीच भाजी कर गं. बघू तरी तुझ्या हाताची चव."

आण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी बटाटे बघितले. मग त्यांनी उजव्या हातानं स्वतःचं तोंड झाकलं, खोकला आल्यासारखं, आणि तसाच हात ठेवून उभे राहिले. माझी आई माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे स्पष्ट सांगत होते, कर.

मी केली. निदान आण्णांनी शिकवलं तसं खोल सोलायला तरी घेतलं, तर बाजूला उभ्या असलेल्या मुलाच्या आई म्हणाल्या, "एवढं जाड काढालीस? सालीतच सगळं असतंय. आम्ही तर सालीसकट खातोय." मी सुरी थांबवली. फ्लॉवर बाजूला राहिला. बटाटे उकडले, फोडी केल्या, मोहरी-मिरची-कढीलिंबाची फोडणी दिली, वर कोथिंबीर पेरली. दिसायला भाजी सुरेख झाली. चाखून मात्र कुणी बघितली नाही, कारण नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही ही आमच्या दोन्ही घरांची रीत, आणि त्या दिवशी मी रीतीला घट्ट धरून होते.

बायका ताटं मांडायला हॉलमध्ये गेल्या. आण्णा पाणी प्यायला म्हणून आत आले. पातेल्यातली एक फोड उचलून जिभेच्या शेंड्यावर ठेवली. मोरीपाशी गेले, थुंकले, चूळ भरली. मग माझ्याकडे वळले.

मी हात जोडले. नरसोबाच्या वाडीला दत्तासमोरसुद्धा मी कधी तसे हात जोडलेले नाहीत.

"शब्द दिलाय मी," ते पुटपुटले. मला नाही, स्वतःलाच म्हणाले. मग खुंटीवरचं फडकं घेतलं, पातेलं दोन्ही बाजूंनी नीट धरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ताटं मांडली न्हवं? मी नेतो भाजी."

दारात पोचल्यावर ते थांबले. पाय जरा फाकवून घट्ट रोवले आणि पातेलं उलटं केलं. एवढ्यानं भागलं नाही म्हणून बुडाला एक थाप मारली, तळाचं सुद्धा राहू नये म्हणून. मग पातेलं हातातून सोडलं. त्याचा आवाज घरभर झाला तोवर आण्णा एक हात जमिनीला टेकवून, गुडघे सांभाळत, सावकाश खाली बसले होते. बसल्यावर ओरडले, "आई गं! उंबऱ्याला अडकलो!"

सगळे धावले. बाबांनी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं, आईनं हळद आणली. उंबऱ्याकडे कुणी बघितलंच नाही. घराला उंबरा असतो हे कुणी बघून ठरवतं का?

गंमत अशी की त्यानंतर सगळं सुरळीत झालं. मुलाची आई इतका वेळ परीक्षक होती. आता तिला मोठ्या मनानं क्षमा करायला मिळाली, आणि माणसाला तेवढा आनंद कशानंच होत नाही. "असूं द्या हो, म्हातारपण वाईट," ती चार वेळा म्हणाली. मुलगा फडकं घेऊन फरशी पुसायला माझ्या शेजारी बसला, त्याच्या मामांनी डोळे वटारले तरी उठला नाही. बाबा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मिसळ घेऊन आले. ती खाताना सासूबाई, म्हणजे अजून झाल्या नव्हत्या, वाटीतली मटकी चमच्यानं दाखवून म्हणाल्या, "बघा, मोड कसं आल्यात. ह्येच म्हणत हुतो मी." आण्णा गुडघा चोळत खुर्चीत बसून होते. ओठ घट्ट मिटलेले. संध्याकाळी पाहुणे होकार देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खाली गेले. म्हटलं, "गुडघा कसा हाय?"

"गुडघ्याला काय झालंय?" ते म्हणाले. "भुईवर गेला त्ये बरं झालं. पोटात गेला असता तर रातभर सगळ्यांची धावाधाव." आणि मग, "पातेलं नीट घासलंस न्हवं?"

मी आभार मानले नाहीत. आभार मानायचे तर आदल्या दिवशीचे जोडलेले हात आठवावे लागले असते. लग्नात त्यांनी मला दोन बुट्ट्या दिल्या. बाकीच्या आहेरात त्या इतक्या विचित्र दिसत होत्या की फोटोवाल्यानं त्या बाजूला सरकवल्या.

अकरा वर्षं झाली. त्यातल्या एका बुट्टीत मुरगूडला कोंबडीची अंडी असतात, दुसरी गुळासाठी वापरली आणि मोडली. आत्ती, म्हणजे सासूबाई, बटाटे अजून माडीवर खिडकीखाली कांद्यांत ठेवतात, आणि त्या शेताकडे गेल्या की मी हिरवे निवडून गुपचूप उकिरड्यात टाकते. आत्ती वाईट नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. पण त्यांना एक गोष्ट सांगायला फार आवडते, आणि ती आण्णांची. कार्य कोणतंही असो, माणसं जेवून सैलावली की आत्ती सुरू करतात. खुळं म्हातारं कसं ऐटीत पातेलं घेऊन निघालं, कसं पालथं पडलं, "उंबऱ्याला अडकलो" कसं ओरडलं. माणसं डोळे पुसेपर्यंत हसतात. मी हसायची. एकदा नणंदेच्या डोहाळजेवणात आत्तींना आण्णांचा आवाज जमेना, तर मीच पदर खोचून उठले आणि सगळी नक्कल करून दाखवली. मला जमते, हे सांगितलंच आहे. बुडाची थाप तेवढी गाळली.

थोरल्याच्या बारशाला आण्णा मुरगूडला आले होते. दारात पाऊल टाकणार एवढ्यात आत्ती ओसरीवरून ओरडल्या, "आण्णा, उंबरा सांभाळून!" सगळी ओसरी खो-खो हसली. आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाय गुडघ्यापर्यंत उचलला, ढेंगेनं उंबरा ओलांडला, आणि तेही सगळ्यांबरोबर हसले. जेवताना त्यांनी बटाट्याच्या भाजीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी एका दिवसासाठी मागितलेला शब्द ते अजून पाळत होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा बेळगावहून फोन आला. आण्णा गेले. सोमवार होता. आंघोळ करून जिन्याखाली बसले होते, ते तिथंच.

फोन ठेवून मी ओसरीवर आले. आत्ती लसूण सोलत होत्या. "कुणाचा फोन गं?"

"आण्णा गेले."

"कोण, त्यो उंबऱ्याला अडकल्याला?" त्या म्हणाल्या. वाईट त्यांना वाटलंच असेल, पण अकरा वर्षांची सवय, ओठाच्या कोपऱ्यात हसू आलंच.

"आत्ती," मी म्हटलं, "त्या स्वयंपाकघराला उंबरा नव्हताच."

"म्हंजे?"

"काढून टाकलावता त्यांनी. माझ्याही आधी. फरशी सरळ होती."

त्यांचा हात थांबला. हिशेब सोपा होता, आणि आत्ती हुशार आहेत.

"कडू झालीवती व्हय भाजी?"

"व्हय."

"माझ्या बटाट्यानं."

"व्हय. त्यांनी चाखून बघितली. बोलणार न्हाय म्हणून मला शब्द दिलावता, म्हणून ओतली."

आत्तींनी सुपातला लसूण बाजूला सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं.

"मला म्हाईत नव्हतं, म्हणून मी हसायचो," त्या म्हणाल्या. "तू तर सगळ्यांत मोठ्यांदा हसायचीस की गं."